गोड लागली तेव्हाच कळायला हवं होतं

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. अमिनो आम्लं, पेप्टाइड बंध, बाययुरेट चाचणी हे सगळं दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि गंडलो तो नेमका प्रोटीन पावडरमध्ये. सांगायला लाज वाटते, पण जिमला जाणारी पोरं घरोघरी आहेत.

मुलाच्या जिममधल्या ट्रेनरने दोन किलोचा व्हे प्रोटीनचा (म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा) डबा ३,२०० रुपयांत दिला. दुकानात तसाच डबा जवळजवळ दुप्पट किमतीला होता. "थेट इंपोर्टरकडून येतो सर, म्हणून बिल नाही." मी जरा घुटमळलो, तर त्याने मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट उघडला : प्रथिने ८० टक्के. छापील आकडा दिसला की मास्तर विरघळतो. तिथल्या तिथे यूपीआय केलं.

पंधरा दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबा, हे सरबतासारखं लागतं." डब्यावर तर 'अनफ्लेवर्ड' लिहिलेलं. चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड! दुधाचा वास नावालाही नाही. मग पेल्यात उकळतं पाणी घेऊन चमचाभर टाकली. व्हेमधली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या, घड्या घालून गुंडाळलेल्या लांब साखळ्या. पाणी ७०-८० अंशांच्या वर गेलं की घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारख्या गुठळ्या होतात. (डब्यावर 'हायड्रोलाइज्ड' असेल तर साखळ्या आधीच तोडलेल्या असतात, तिथे ही कसोटी चालत नाही. आमच्या डब्यावर तसं काही नव्हतं.) आमच्या पेल्यातलं पाणी नितळच राहिलं. बायकोने डोकावून विचारलं, "पिठीसाखर आहे का ही?"

दुसऱ्या दिवशी पुडी बांधून कॉलेजच्या लॅबमध्ये नेली. आयोडीनने निळी झाली नाही, म्हणजे स्टार्च नव्हता. क्षणभर वाटलं, उगाच संशय घेतला. मग बाययुरेट, म्हणजे प्रथिनं ओळखायची चाचणी. एका परीक्षानळीत अंड्याचा पांढरा, दुसरीत आमची पावडर. दोन्हींत कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे चार थेंब. अंड्याची नळी बघता बघता जांभळी झाली. आमची निळीच्या निळी. हा जांभळा रंग पेप्टाइड बंधांचा, म्हणजे अमिनो आम्लांना साखळीत जोडणाऱ्या दुव्यांचा असतो. सुटी अमिनो आम्लं तो देत नाहीत.

मग रिपोर्ट खोटा? गंमत म्हणजे तो खराही असू शकतो. १८८३ साली कोपनहेगनमधल्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत केल्डालने काढलेली पद्धत आजही वापरतात. ती प्रथिन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते, आणि त्याला साधारण ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन साखळीतला की सुटा, हे तिला कळत नाही. ग्लायसीन हे सगळ्यात साधं, स्वस्त आणि चवीला गोड अमिनो आम्ल. त्यात नायट्रोजन १८.७ टक्के. गुणून बघा : १०० ग्रॅम ग्लायसीनमध्ये 'प्रथिन' ११७ ग्रॅम! चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन मिसळलं ते याच आकड्यासाठी. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली. ग्लायसीन तसं विष नाही. पण शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी जी नऊ अमिनो आम्लं आहेत, त्यांत ते बसत नाही. आमच्या डब्यात ग्लायसीनच होतं असं शपथेवर सांगणार नाही. व्हे नव्हतं, एवढं मात्र नक्की.

ट्रेनर म्हणाला, "बॅच खराब असेल सर, चॉकलेटचा डबा घेऊन जा." पैसे द्यायचं नाव नाही. घरी येऊन डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक पाहिला. तो १४ अंकी असतो. मी पेन्सिलीने टिंबं देत तीनदा मोजला, तेराच भरले. अंक बरोबर भरले तरी तो क्रमांक फॉसकॉस या त्यांच्याच परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघता येतं. मी हे पैसे देण्याआधी करायला हवं होतं. तक्रारीसाठी त्यांचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅप आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

रात्री तक्रार लिहायला बसलो. बिल नव्हतंच, म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट काढला. तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं : पैसे ट्रेनरच्या नावावर नाही, कुणा भलत्याच बाईंच्या खात्यावर गेले होते.