मालवणात भाड्याची स्कूटर: रोजचा ठोक दर की किलोमीटरवर?

बाजारपेठेतल्या दोन दुकानांचे दर असे. पहिलं दिवसाला ५०० रुपये घेतं, किलोमीटरची मोजदाद नाही. दुसरं ३०० रुपये अधिक किलोमीटरला ४. पेट्रोल दोन्हीकडे आपलंच, त्यामुळे तुलनेत ते धरायची गरज नाही.

क्ष म्हणजे दिवसाचे किलोमीटर, य म्हणजे एकूण भाडं. समीकरणं: य = ५०० आणि य = ३०० + ४क्ष. आलेख कागदावर क्ष-अक्षावर १ सेंमी = १० किमी, य-अक्षावर १ सेंमी = १०० रुपये घ्या. पहिली रेषा आडवी. दुसरीसाठी (०, ३००) आणि (२५, ४००) हे बिंदू जोडा, (१००, ७००) वर पडताळा. छेदनबिंदू (५०, ५००), म्हणजे ५० किमीला दोन्हीकडे सारखेच पैसे; त्याच्या आत दुसरं स्वस्त, पुढे पहिलं. तारकर्ली-देवबाग करून परत यायला ३० किमी धरले तरी दुसरीकडे ४२० होतात, म्हणजे तेच बरं. वेंगुर्ल्याला जाऊन यायचं तर पन्नास सहज ओलांडतात. तिथे ठोक दरच घ्यावा.

चूक होते ती अनामत रकमेत. ती परत मिळते, म्हणून ३०० मध्ये मिळवू नका. मिळवली की रेषा उगाच वर सरकते आणि छेदनबिंदू चुकतो. दुसरी गोम उशिराची: दुसरं दुकान २४ तासांनंतर पूर्ण दिवस लावतं. तिथे रेषा सरळ राहत नाही, एकदम ३०० ने वर उडी मारते. वेळ आधी लिहून घ्या, आणि निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढाच.

मुक्काम तारकर्लीत असेल तर आमची पसंती दुसऱ्या दुकानाला.