एथ्नोलॉग: लात्व्हियन मोठी की क्वेचुआ, हे तपासायला कितपत कामाचं?

भाषांचे आकडे हवे असले की एथ्नोलॉग या जगभरच्या भाषांच्या सूचीचं नाव पुढे येतं, आणि ते रास्तच आहे. 1951 साली 46 भाषांच्या दहा पानी यादीतून निघालेलं हे काम भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल संस्थेने नेटाने वाढवलंय. कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी, प्रश्नमंजुषा काढणाऱ्या शिक्षकांनी ते जरूर वापरावं. फक्त आकडा उचलण्याआधी तो कशाचा आहे ते बघावं.

युरोपातल्या लात्व्हिया देशाची भाषा लात्व्हियन, तिचं क्वेचुआच्या मानाने सोपं. मातृभाषा म्हणून बोलणारे 15 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या 2011 च्या लोकसंख्येच्या (38.76 लाख) निम्म्याहूनही कमी. तिच्या कोडखाली (कोड म्हणजे भाषेला दिलेली ठरावीक अक्षरी खूण) प्रमाण लात्व्हियन आणि लात्गेलियन अशा दोनच नोंदी आहेत.

खरी गफलत होते ती दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआत. तिचा मुख्य कोड म्हणजे एक भाषा नव्हे, त्याच्या पोटात 40 हून जास्त वेगळ्या नोंदी आहेत. पेरूतल्या कुस्कोचा माणूस आणि तिथल्याच आन्काशचा माणूस आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांना धड कळत नाही. 70 ते 80 लाख हा नेहमी दिसणारा आकडा या सगळ्यांची बेरीज आहे, तीही पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर मिळून. एकट्या कुस्को क्वेचुआची नोंद उघडून ती लात्व्हियनसमोर ठेवली तर उत्तर साफ वेगळं येतं. आपल्याकडे जनगणनेत हिंदीखाली 5 कोटी भोजपुरी मोजली जाते, तसाच हा प्रकार.

म्हणून आधी कोड बघा, मग मूळ जनगणनेचं वर्ष, आणि शेवटी तिथे विचारलेला प्रश्न. हा प्रश्न फार महत्त्वाचा. पेरूने 2017 मध्ये लहानपणी कोणत्या भाषेत बोलायला शिकलात असं विचारलं; क्वेचुआ सांगणारे सुमारे 38 लाख निघाले. त्याच जनगणनेत स्वतःला क्वेचुआ समाजाचे म्हणवणारे 51 लाखांवर आहेत, तेही फक्त 12 वर्षांपुढचे. हा दुसरा आकडा भाषेचा म्हणून खपवला की सगळंच चुकलं. लात्व्हियाने 2011 मध्ये घरात मुख्यतः काय बोलता असं विचारलं होतं. उत्तर देणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांनी लात्व्हियन सांगितली. दोन प्रश्न वेगळे, त्यामुळे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत.

एथ्नोलॉगवर फुकटात बोलणाऱ्यांच्या संख्येचा ढोबळ गटच दिसतो, नेमक्या संख्येला पैसे मोजावे लागतात. एवढ्या एका तुलनेसाठी वर्गणी भरू नका. दोन्ही देशांच्या सांख्यिकी खात्यांचे तक्ते मोफत मिळतात, पेरूचे मात्र स्पॅनिशमध्ये. ग्लॉटोलॉग ही भाषा आणि त्यांच्या कुळांची सूचीही मोफत आहे आणि क्वेचुआच्या शाखा बघायला उत्तम, पण बोलणाऱ्यांची संख्या तिथे नसते. वर्गणी परवडते ती वर्षभर भाषांवर काम चालणाऱ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला.