कोशरी झकास, फलाफल मात्र पिवळं

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं कैरोत, मआदी भागात राहिलो. त्यामुळे नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या या छोट्या इजिप्शियन हॉटेलात मी परीक्षक होऊनच शिरले, हे आधीच सांगते.

भिंतीवर पिरॅमिड, उंट, तुतनखामनचा मुखवटा. असो. आमच्या रोजच्या कैरोत यातलं काही नव्हतं. ते शहर गच्चीवरून बघाल तर धुळीच्याच रंगाचं. गिलावा नसलेल्या विटांच्या इमारती, माथ्यावर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. रंग सगळा खाली, हातगाड्यांवर. संत्र्यांचे ढीग, बिटाने गुलाबी झालेलं सलगमचं लोणचं, काळपट लाल सुकी करकदेची (सरबताच्या जास्वंदीची) फुलं. वरच्या मजल्यावरच्या आजी दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या, वाणी त्यात सामान ठेवायचा, की भरभर वर. रमजानमध्ये जिकडेतिकडे लाल-निळ्या नक्षीचं खयामिया कापड. तसलं एखादं इथे टांगलं असतं, तर उंटापेक्षा शोभलं असतं.

कोशरी मात्र डोळे मिटून मागवा. शेवया घातलेला भात, अख्खा मसूर, मॅकरोनी, काबुली चणे, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि माथ्यावर तळलेला कांदा. मांस नाही, अंडं नाही. मिसळीसारखंच, थर त्यांनी रचायचे आणि तिखट-आंबट आपण आपल्या हाताने. लसूण-व्हिनेगरचा दक्का आणि झणझणीत शत्ता वेगळ्या बाटल्यांत देतात, तेच बरोबर. कांदा गडद तपकिरी, करपायच्या जरासा अलीकडे काढलेला. जिल्ह्यात लासलगाव असताना कांदा बिघडला असता तर लाजच होती. (२०१९ च्या शेवटी भाव भडकले तेव्हा इजिप्तचाच कांदा आपल्याकडे आला होता, आठवतंय?)

फलाफल (कडधान्याचा तळलेला वडा) मोडलं आणि आत पिवळं! कैरोतली तामिया, म्हणजे तिथलं फलाफल, आतून हिरवीगार असते, कारण ती भिजवलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) डाळीची, त्यात कोथिंबीर, पार्सली, शेपू सढळ हाताने. विचारलं, तर मालक म्हणाला, "ताई, ती डाळ इथे सहज मिळत नाही, म्हणून चणे घेतो." ठीक आहे, पण मग मेनूवर 'इजिप्शियन' कशाला? आणि कोथिंबिरीला नाशकात काय तोटा?

थंड करकदे रंगाला अगदी खरं, गर्द लाल. साखर मात्र पाक केल्यासारखी. सांगितलं की कमी करून देतात, आंबटपणा तेव्हा कुठे कळतो. गरम मिळत नाही.

दोघांचे ४८० रुपये झाले. रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा. पार्सल घेणार असाल तर कांदा वेगळा बांधून मागा, घरी पोचेपर्यंत मऊ पडतो.