बीएलडीसी पंखे : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

हॉल आणि आमच्या बेडरूममधले जुने पंखे काढून मार्चमध्ये बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे पंखे लावले. नाशिक, टू बीएचके. मुलगा पुण्याला शिकायला असतो, म्हणून त्याच्या खोलीत जुनाच ठेवला. महिन्यातून दोन रात्री फिरणाऱ्या पंख्यावर जास्तीचे पैसे कधी वसूल व्हायचे?

हॉलचं गणित वेगळं. जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खायचा, हा ३० वॅटच्या. आईमुळे तो पंधरा तास तरी चालू असतो, म्हणजे महिन्याला २० युनिट वाचली. आपल्याकडे १०० युनिटच्या पुढचा स्लॅब महाग, आणि वाचतात ती वरच्याच स्लॅबमधली युनिटं. वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क धरून आम्हाला ती १२-१३ रुपयांना पडतात. साध्या पंख्यापेक्षा दीडेक हजार जास्त दिले होते, ते हॉलपुरते दिवाळीआधीच निघाले. बेडरूमला दुप्पट वेळ लागेल. स्थिर आकार मात्र हलत नाही, त्यामुळे ‘बिल निम्मं होतं’ या दुकानातल्या गप्पा सोडून द्या.

गंमत म्हणजे बिलाकडे बघून हे काहीच कळलं नसतं. एप्रिल-मेमध्ये कूलर लागला आणि बिल वाढलंच. शेजारी विचारतात, ‘फरक पडला का?’ त्यांना काय दाखवणार? पंख्याचे जास्तीचे पैसे काउंटरवर एका दमात जातात, बचत मात्र कूलर-फ्रिजच्या आकड्यांत विरघळून जाते. लोकांना दूरचं दिसत नाही असं म्हणणं सोपं आहे. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं, पण त्यावर तारे असतात, रुपये नसतात. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये एसीच्या खरेदीवरून दाखवलं होतं की पुढच्या बचतीला गिऱ्हाईक वर्षाला वीसेक टक्के कात्री लावूनच बघतं, म्हणजे वर्षाने वाचणारे शंभर रुपये आज ऐंशीच्या आसपासच धरतं. ज्याला तेवढ्याच व्याजाने हप्ते भरावे लागतात, त्याचं मला तरी चुकलेलं वाटत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये नंतर ज्यांनी हे पंखे घेतले, त्यांनी ते पर्यावरणासाठी घेतले नाहीत. रिमोट आणि इन्व्हर्टर, दोनच कारणं. लाइट गेल्यावर पंखा खरंच जास्त वेळ टिकतो, आणि व्होल्टेज पडलं तरी स्पीड तोच. पावसाळ्यात दोनवर ठेवला की दहा वॅटच्या आत-बाहेर. जुना डबा-रेग्युलेटर स्पीड कमी करून उरलेली वीज तापण्यात घालवायचा. देशातल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हॉलच्या पंख्याने महिन्याला १४ किलो टाळला, ही माझ्यापुरती बोनसची गोष्ट.

तक्रारी आहेत. बेडरूमच्या पंख्याचं सर्किट जुलैमध्ये गेलं. वॉरंटीत बदलून मिळालं, पण आठवडाभर टेबल फॅनवर काढावा लागला. जुना पंखा मंदावला की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलून जायचा. याला तो हात लावत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर गावात आहे का, हे स्टारच्याही आधी बघा. आईला रिमोट सापडत नाही, ती सरळ भिंतीवरचं बटण दाबते, तेही चालतं. आणि ‘हा कुठे वीज खातो’ म्हणत रिकाम्या हॉलमध्ये पंखा चालू राहण्याचं प्रमाण वाढलंय.

भाड्याच्या घरात असाल तरी घ्यायला हरकत नाही, जाताना काढून नेता येतो. फक्त घरमालकाचा जुना पंखा माळ्यावर जपून ठेवा, घर सोडताना तो मागणारच.