एस2000 घ्यावी की आरएक्स-7? आधी मीटर बघा, मग इंजिन

अमेरिकेत स्थिरावलेल्या आणि गॅरेजमध्ये एका हौसेच्या गाडीपुरती जागा असलेल्यांसाठी हा हिशेब. भारतात बसून वाचत असाल तर करमणूक म्हणून वाचा; तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी तिथे सरळ आयात करता येत नाही.

दोन्ही जपानी स्पोर्ट्स कार. होंडा एस2000 बनली 1999 ते 2009, आणि माझदाच्या आरएक्स-7 ची शेवटची पिढी, एफडी, 2002 मध्ये बंद झाली. मागणी दोघींना आहे, पण भाव ठरतो वेगवेगळ्या गोष्टींवर.

एस2000 चा भाव मीटर, म्हणजे गाडी किती मैल चालली तो आकडा, ठरवतो. सुरुवातीच्या आवृत्तीचं, म्हणजे एपी1 चं, दोन लिटरचं इंजिन टर्बोशिवाय 9,000 आरपीएमपर्यंत जातं आणि ऑइल वेळेवर बदललं तर वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. शिवाय लाखभर गाड्या बनल्या. चालू गाडी मिळणं अवघड नाही, म्हणून पैसे मोजले जातात ते कमी मैल आणि मूळ बॉडीसाठी. बॉनेट, दारं, फेंडर यांवरचे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) स्टिकर तपासा. एखादा गायब असेल तर तो भाग बदललेला किंवा रंगवलेला असणार, हे धरूनच बोली लावा. 2004 पासूनची 2.2 लिटरची एपी2 रोज चालवायला सोपी आहे. एपी1 की एपी2 यावर शौकीन तासन्‌तास भांडतात, पण विकताना त्यापेक्षा गाडीची अवस्था जास्त बोलते. सीआर ही खास आवृत्ती मात्र वेगळीच जात. जेमतेम सातशे बनल्या आणि फक्त 123 मैल चाललेली एक 2022 मध्ये ऑनलाइन लिलावात 2 लाख डॉलरला गेली. तो आकडा दाखवून कुणी साधी एस2000 गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा.

आरएक्स-7 मध्ये मीटर फसवतो. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात; त्यांच्या टोकावरचे सील झिजले की इंजिन उघडावंच लागतं, त्यामुळे कमी चाललेल्या पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीपेक्षा जाणत्या हाताने नव्याने बांधलेलं इंजिन बरं. पुरावा मात्र मागा: बिलं, आणि रोटरी टेस्टरवरची कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) चाचणी. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे सहा आकडे. साधा गेज तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा तेवढा दाखवतो आणि अशक्त बाजू लपून राहते. अमेरिकेत एफडी फक्त 1993 ते 1995 विकली गेली. त्यांतल्या कित्येकींत आज अमेरिकन व्ही8 बसलंय, म्हणून मूळ टर्बोसह न छेडलेली गाडी दिसली की संग्राहक तुटून पडतात.

एफडीच्या जपानमध्येच विकलेल्या शेवटच्या आवृत्तीच्या, स्पिरिट आरच्या, 1,500 गाड्या पंचवीस वर्षांच्या नियमाने (तेवढी जुनी झाली की परदेशी गाडी आयात करता येते) 2027 पासून अमेरिकेत येऊ शकतील. ही तारीख विकणाऱ्यांनाही पाठ आहे. माझ्या मते ती भावात आधीच धरलेली असते.

मी एस2000 घेईन, आणि शनिवार-रविवार चालवीन. रोटरी उघडणारा भरवशाचा मेकॅनिक टो-ट्रकच्या टप्प्यात असता, तर कदाचित उलट लिहिलं असतं.