सुरतच्या ब्युटी पार्लरचा अर्ज आणि माझे १९,९९९ रुपये

एक रुपया कमी वीस हजार. चपलांच्या दुकानातल्या पाटीवर शोभावा असा हा आकडा मी ११, १२ आणि १४ नोव्हेंबर २०२४ या तीन दिवशी, अनुक्रमे १,४९९, ६,५०० आणि १२,००० रुपये असा, कधी तोंडही न पाहिलेल्या एका भामट्याच्या खात्यावर स्वतःच्या हाताने जमा केला. समाजमाध्यमावरचे बंद पडलेले खाते परत मिळवण्यासाठी अपील लिहून देतो, असे सांगून त्याने ते घेतले. ज्या अपिलाला कंपनी एक पैसाही घेत नाही, त्याची ही किंमत म्हणजे आमच्या दराने जवळजवळ सव्वादोन क्विंटल तांदूळ.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. आमच्या शिवारातला बेळगावी बासमती जाणकारांना ठाऊक आहेच. घरचा आणि भावकीतला तांदूळ पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरून पुणे, मुंबई आणि गोव्याकडे पाठवण्याचा उद्योग मी सहा वर्षे एका पेजच्या आधारावर चालवला आणि त्यावर ११,४०० माणसे जोडली. ९ नोव्हेंबरला सकाळी ते उघडले, तर नियमभंगामुळे खाते बंद करण्यात आले असून १८० दिवसांच्या आत अपील करता येईल, अशी सूचना आणि तिच्याखाली एक बटण, एवढेच दिसले. कोणता नियम, कुठे मोडला, याचा उल्लेख नाही. सुगीचे दिवस, भात खळ्यावर पडलेले, चाळीस पिशव्यांच्या मागण्यांचे पत्ते त्या पेजच्या संदेशांत अडकलेले. अशा वेळी माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही, एवढे तरी वाचकांनी माझ्या बाजूने लक्षात घ्यावे.

पुढचे कसे घडले हे बहुतेकांना ठाऊक असेल. एका गटात मी माझी अडचण लिहिली आणि पाच मिनिटांत तिघांनी एकाच माणसाचे नाव सुचवले. (जाहीरपणे 'माझे खाते बंद झाले' असे कुठेही लिहू नका, त्या शब्दांवर टपून बसलेले लोक असतात.) हा मनुष्य शुद्ध मराठीत बोलत होता, मला 'काका' म्हणत होता आणि कंपनीच्या आतल्या माणसाशी ओळख असल्याचे सांगत होता. १,४९९ रुपये मिळताच त्याने व्हॉट्सॲपवर इंग्रजीतले दीड पानी अपील पाठवले.

खरे तर तिथेच सगळे संपायला हवे होते. पहिल्या परिच्छेदात माझे नाव, गावाचे नाव, तांदळाचा व्यवसाय, सारे बिनचूक होते. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर मात्र 'माझ्या सुरत येथील ब्युटी पार्लरच्या ग्राहक भगिनींचे अतोनात नुकसान होत आहे' अशा अर्थाचे वाक्य होते. मी ते वाचले. एकदा नव्हे, चष्मा पुसून दोनदा वाचले. त्याला विचारलेही. तो हसून म्हणाला, "काका, टायपिंग मिस्टेक. आम्ही दिवसाला पन्नास अपिले करतो, तुम्ही ताण घेऊ नका." दिवसाला पन्नास या शब्दांनी सावध व्हायचे सोडून मला उलट धीर आला, की माणूस अनुभवी आहे! तांदळाच्या पिशवीत एक खडा सापडला तर मी सगळी पिशवी पुन्हा चाळतो. इथे अख्खे पार्लर सापडले आणि मी दुसऱ्या दिवशी 'सर्व्हर शुल्क' म्हणून ६,५०० रुपये पाठवले.

ज्याची सर्वांत जास्त शरम वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. अर्ज लिहिणे हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी शिकवावे लागत नाही. १९५६ पासून निवेदने देण्यात आमच्या पिढ्या गेल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे. मी स्वतः गावातल्या निम्म्या लोकांचे उताऱ्याचे, पेन्शनचे, वीजजोडणीचे अर्ज लिहून दिले आहेत. आणि स्वतःच्या चार ओळींसाठी मी परक्याला पैसे मोजले.

१२ तारखेला त्याने ओटीपी मागितला, मी दिला. आधार कार्डाचा फोटो दिला. ईमेलचा पासवर्डसुद्धा दिला. ओटीपी देऊ नये हे मलाही कळते. पण बँकेचा देऊ नये, असे माझ्या डोक्यात बसले होते, हा तर खात्याचा होता. १४ तारखेला 'परत मिळणारी अनामत' म्हणून १२,००० गेले आणि १५ तारखेला त्याने आणखी १८,००० मागितले. मुलाला पुण्याला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, सुरतचे पार्लर दिसल्यावरही?"

सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर मी १६ तारखेला फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण पैसे केव्हाच पुढच्या खात्यांत पांगले होते. हा फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो. मी दोन दिवस लाजेने घरात बसून राहिलो, ती चूक माझी.

पुढचे मात्र माझे नाही. इथल्या पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की तुमचे बँक खाते चंदगड तालुक्यातल्या शाखेत आहे, म्हणजे गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा. काजूच्या व्यवहारामुळे माझे खाते तिकडे आहे, हा माझा अपराध. तिकडे गेलो, तर त्यांनी सांगितले की तुम्ही राहता कर्नाटकात, पैसे पाठवले घरात बसून, तेव्हा इकडे कशाला आलात? परत इथे आलो, तर कन्नडमध्ये छापलेला अर्ज पुढे सरकवला गेला. मला कन्नड बोलता येते, वाचता सावकाश येते. मराठीत लिहून दिले तर चालेल का, असे विचारल्यावर समोरच्या माणसाने मोबाईलवरून नजरही उचलली नाही. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमात, संगणकाच्या साधनांनी तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे सारे मी छापून नेले. कागद ठेवून घेतले गेले, पोचपावतीवर शिक्का मिळाला, गुन्हा नोंदला गेला नाही. एवढ्या फेऱ्यांत १,१४० रुपये बसभाड्याला आणि झेरॉक्सला गेले, ते १९,९९९ मध्ये धरलेले नाहीत.

ईमेल परत ताब्यात यायला आठ दिवस लागले. खात्यात शिरलो, तर अपिलाचे ते बटण जसेच्या तसे, कुणी हातही न लावलेले! दीड पानी पत्र कुठेही गेले नव्हते. ते टाकायला तिथे जागाच नव्हती. ईमेलवर आलेला अंक भरायचा, ओळखपत्राचा फोटो जोडायचा, कॅमेऱ्यासमोर चेहरा डावी-उजवीकडे वळवायचा आणि एका लहानशा चौकटीत चार ओळी लिहायच्या, एवढेच काम. माझे आधार कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, खात्यावरचे नाव देवनागरीत. हा फरक का आहे ते मी एका वाक्यात लिहिले. तुम्हीही लिहा, सीमाभागात तर नक्कीच. रडगाणे आणि मोठेपणा दोन्ही टाळा.

अपील दोन दिवसांत फेटाळले गेले. मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिले. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा होता. पोच यंत्राने दिली, निर्णयही यंत्रानेच दिला असावा, इतका तो कोरडा होता. त्याविरुद्ध ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. तिथे मी स्वतः लिहिलेला अर्ज गेला आहे.

परवा सोलापूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे खाऊचे पेज बंद पडले होते आणि कुणीतरी अपील लिहून दिले होते. "त्यात येळ्ळूरच्या बासमतीचे नाव आणि तुमचा नंबर कसा काय आला?" त्यांनी विचारले. पैसे किती दिले, असे मी विचारले. १,४९९ काल, ६,५०० आज सकाळी. किती वाजता? दहाला. घड्याळात साडेदहा झाले होते. मी त्यांना म्हणालो, ताई, माझ्याशी नंतर बोला, आधी १९३० लावा.