फायबरच्या स्विमिंग पूलची दुरुस्ती काढली असेल तर आधी हे वाचा

नागावला, अलिबागजवळ, आमच्या वाडीत घरामागे सात बाय तीन मीटरचा फायबरचा पूल आहे. 2010 साली बसवलेला. शनिवार-रविवार घर पाहुण्यांना देतो, त्यामुळे पूल बंद म्हणजे बुकिंग बंद. गेल्या मे महिन्यात याच पूलच्या दुरुस्तीच्या नावाखाली एका ठेकेदाराने आम्हाला 1,68,000 रुपयांचा चुना लावला. अलिबाग, कर्जत, लोणावळा या पट्ट्यात त्या सुमारास बसवलेले पूल आता दुरुस्तीच्या वयाला आलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखणं समजून घ्या, कारण समोरचा माणूस तिथूनच सुरुवात करतो. फायबरच्या पूलला आतून जो गुळगुळीत रंगीत थर असतो तो जेलकोट. जाडी जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर. त्याच्यामागे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन (लावल्यावर कडक होणारा चिकट द्रव) यांचे थर. वर्षानुवर्षं पाणी जेलकोटमधून आत झिरपत राहतं, आतल्या रेझिनमधलं जे विरघळण्यासारखं असेल ते त्यात उतरतं, आत दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. आमच्याकडे पायऱ्यांजवळ साबुदाण्याएवढे फोड आले होते. सुईने टोचलं की चिकट पाणी निघायचं, व्हिनेगरच्या वासाचं. भिंतीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. हे सगळं वयाने होतं. दुरुस्ती हवी हे खरं, पण म्हणून पूल उद्या फुटणार नसतो.

ठेकेदाराने मात्र रबरी हातोडीने भिंत ठोकून दाखवली. "ताई, ऐका आवाज. पोकळ झालाय. या पावसाळ्यात भिंत आत येणार." भिंतीमागची वाळू बसली की असा आवाज येतो, फायबर तुटलेलंच असतं असं नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पण "जूनला पाऊस लागला की काम करता येणार नाही" हे त्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. बाकीची थापेबाजी या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाने खपून गेली.

कोटेशन असं: जुना थर ग्राइंड करणं, मॅटचे दोन थर, व्हिनाइल एस्टर रेझिन (पाण्यात जास्त टिकणारा प्रकार), वरून जेलकोट, दहा वर्षांची गॅरंटी. एकूण 2,40,000, त्यातले सत्तर टक्के आगाऊ. स्क्वेअर फुटाचा दर नाही, किती किलो माल लागणार याचा उल्लेख नाही. लेटरहेडवर पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही.

काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत झालं. आम्ही डोंबिवलीला, वाडीवर फक्त राखणदार काका. मला व्हॉट्सॲपवर फोटो यायचे: पूलशेजारी मॅटचे गुंडाळे, पायरीवर ग्राइंडर, शेवटी निळाशार चकचकीत पूल. काकांना नंतर खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ते गुंडाळे फोटो काढून झाल्यावर संध्याकाळी परत टेम्पोत चढले. "दुसऱ्या साइटला पाहिजेत, उद्या आणतो" म्हणाले आणि ते पुन्हा आलेच नाहीत. काकांना त्यात वावगं वाटायचं काही कारणच नव्हतं.

जूनच्या शेवटी स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीत निळे पापुद्रे सापडायला लागले. पायरीच्या कडेला नख लावलं तर तळहाताएवढा तुकडा सोलून आला, आणि खाली आमचा जुना जेलकोट, जसाच्या तसा. त्याला साधा पॉलिश पेपरसुद्धा लागलेला नव्हता.

ठेकेदाराने फोनवर क्लोरिनवर ढकललं. गॅरंटीच्या कागदात तळाशी बारीक अक्षरात कलम होतंच: पाण्यातल्या रसायनांमुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. पूलच्या पाण्यात क्लोरिन असणारच, मग ती गॅरंटी नेमकी कशाची? पाहुण्यांसाठी आम्ही रोजची नोंदवही ठेवतो. पीएच 7.2 ते 7.6, क्लोरिन एक ते तीन पीपीएम. त्या पानांचे फोटो पाठवल्यावर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

खरी उकल केली ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या एका होडीवाल्याने. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांवर फायबर चढवणं, फुटलेलं फायबर सांधणं ही कामं रोजची. त्यांनी बादल्यांनी पाणी उपसून पायरीचा वरचा भाग कोरडा केला, थिनरमध्ये पांढरं फडकं बुडवून घासलं, आणि फडकं निळं झालं. "वहिनी, हा जेलकोट नाय. क्लोरोरबर पेंट हाय, वरून फासायचा रंग. जेलकोट एकदा कडक झाला की थिनरला दाद देत नाय." मग त्यांनी काकांना विचारलं, काम चालू असताना वास कसला येत होता? रंगाचा, काका म्हणाले. "रेझिनचं काम झालं असतं तर अख्ख्या आळीला कळलं असतं. आणि ग्राइंडर फिरला असता तर त्या जास्वंदीवर पांढरी धूळ बसली असती, तुमचं अंग खाजून खाजून लाल झालं असतं."

मग त्यांनी हिशोब मांडला, तो कोणालाही जमेल. तळ 21 चौरस मीटर, चार भिंती सरासरी 1.3 मीटर उंचीच्या म्हणजे 26, मिळून 47. चौरस मीटरला 450 ग्रॅमची मॅट, दोन थर, म्हणजे 42 किलो मॅट. रेझिन मॅटच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणजे 85 ते 95 किलो. वाडीत आला होता वीस लिटरचा एक डबा आणि थिनरचा एक कॅन.

याहून वाईट प्रकार जुलैत होता होता टळला. ठेकेदाराचा फोन आला, "फुकट टचअप करून देतो, फक्त पूल रिकामा करून ठेवा, आणि मालकाने स्वतः रिकामा केला असं लिहून द्या." जुलैत आमच्या विहिरीचं पाणी हाताने घेता येईल इतकं वर असतं. फायबरचं भांडं जमिनीत बसून राहतं ते आतल्या पाण्याच्या वजनाने. आमच्या पूलमध्ये सुमारे 27 टन पाणी मावतं. ते काढलं की खालचं पाणी रिकामं भांडं वर उचलतं, पाइप तुटतात, तळ फाटतो. आणि हे झालं असतं तर सही आमची होती! मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

पोलिसांनी अर्ज घेतला, प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे म्हणाले. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पण आमची गोची वेगळीच झाली. पूल भाड्याच्या घराचा, म्हणजे व्यावसायिक कारणासाठी, असा आक्षेप येणार हे वकिलांनी आधीच सांगितलं. उपजीविकेसाठी स्वतः चालवलेला व्यवसाय असल्याचं दाखवता आलं तर वाट आहे, त्याची कागदपत्रं जमवणं चालू आहे. तुमचा पूल फक्त घरच्या वापराचा असेल तर ही अडचण नाही. 1915 या हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करा.

दुसऱ्यांदा काम काढलं ते फेब्रुवारीत, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर. आधी पूलच्या कडेला खड्डा घेऊन उभा पाइप टाकला, जमिनीतलं पाणी किती खाली आहे ते त्यात बघितलं, मगच उपसा. जुना जेलकोट ग्राइंड केला, फोड उघडे करून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, वर ताडपत्री बांधून बरेच दिवस सुकू दिलं. ओलावा गेल्याचं मीटरवर दाखवल्याशिवाय रेझिनला हात लावायचा नाही, असं आम्ही लिहूनच घेतलं होतं. पॉलिस्टर जेलकोट हवा लागली की वरून चिकट राहतो, म्हणून शेवटच्या थरात मेण मिसळलं, तेही माझ्यासमोर. पैसे टप्प्याटप्प्याने दिले: माल उतरून मोजल्यावर, ग्राइंडिंग बघितल्यावर, मॅट बसल्यावर, आणि मोठा हिस्सा पाणी भरून महिना गेल्यावर. एक अट आमच्या काकांनी सुचवली, ती सगळ्यात कामाची ठरली. मॅट आणि रेझिनचे रिकामे डबे, गोण्या, गुंडाळ्यांचे पुठ्ठे शेवटचं बिल होईपर्यंत वाडीतच राहतील. पहिल्या दोन ठेकेदारांनी एवढ्यावरूनच काम नाकारलं. नाकारू देत.

मार्चमध्ये किहीमच्या एका ओळखीच्यांनी मला एक कोटेशन दाखवलं. कंपनीचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, पण सत्तर टक्के आगाऊ तेच, रसायनांचं कलम शब्दाला शब्द तेच, आणि जेलकोटच्या जागी आमच्या कागदात छापलं होतं तसंच "जेलकोड". त्यांनी अजून पैसे दिले नव्हते.